हट्ट, फोक आणि बेसांव

आमच्या मडगावच्या घराची आणि शेजारच्या घराची मधली भिंत एकच आहे. भिंतीच्या अलीकडच्या अंगणात तुळशीवृंदावन आहे. पलीकडच्या अंगणात चुना दिलेला खुरीस आहे. दिवेलागणीला अलीकडे शुभंकरोती होते, आणि त्याच सुमारास पलीकडे तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, सुरू होते. कानाला सराव असलेला माणूस नुसत्या आवाजावरून कोणते घर कोणाचे ते सांगेल. परंतु गेले वर्षभर त्याच वेळी भिंतीच्या दोन्ही अंगांनी जो आक्रोश उठतो, त्यावरून मात्र हिंदू कोण आणि क्रिस्तांव कोण हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही. अलीकडचा आक्रोश आमच्या अडीच वर्षांच्या चिरंजीवांचा असतो. पलीकडचा, त्यांच्याहून दोन महिन्यांनी वडील असलेल्या शेजारच्या बायचा.

हट्ट म्हणजे काय हे वकिलीच्या वीस वर्षांत आपल्याला पुरते उमगले आहे, असा आमचा समज होता. हातभर पाणंदीसाठी तीन पिढ्या न्यायालयाची पायरी झिजविणारे सख्खे भाऊ आम्ही पाहिले आहेत. परंतु चाळिशी उलटल्यावर देवीच्या कृपेने घरात पाळणा हलला, आणि पुढे त्या पाळण्यातील व्यक्ती आपल्या पायांनी चालू लागली, तेव्हा तो समज गळून पडला. पक्षकाराच्या हट्टाला निदान एक निश्चित मागणी असते. अडीच वर्षांच्या माणसाला पाणी हवे असते, दिलेले पाणी नको असते, आणि नको म्हणून परत नेलेले पाणी पुन्हा हवे असते. त्याला तडजोड मान्य नाही, पुढची तारीख मान्य नाही, आणि दावा मंजूर झाला तरी त्याचे रडणे थांबत नाही.

शेजारचे गृहस्थ तारवटी आहेत. आठ महिने बोटीवर आणि दहा आठवडे घरी असा त्यांचा संसार. गेल्या खेपेला ते निघाले तेव्हा बाय दोन शब्द जोडू लागली होती. परतले तेव्हा ती पूर्ण वाक्यांनी भांडत होती. मधल्या काळात रोज रात्री फोनच्या काचेत तिला बाप दिसे. त्यामुळे बाप ही वस्तू चपटी आणि तळहाताएवढी असते अशी तिची समजूत झाली असावी. पहिल्याच दिवशी या धिप्पाड माणसाने तिला उचलून घेतले, तेव्हा तिने आजीच्या हातातील फोनकडे बोट दाखवून फर्माविले, “तूं मोबायलांत वच!” आम्ही अंगणात होतो, ऐकून हसलो. शेजारी हसले नाहीत.

त्या संध्याकाळी पदेर नेहमीप्रमाणे भोंगा वाजवीत आला. शेजाऱ्यांनी गरम उंडे घेतले, आणि बायच्या तोंडाला भाजू नये म्हणून त्यांतला एक मोडून, फुंकर घालून तिच्या हाती दिला. बायला अखंड उंडो हवा होता. दुसरा अखंड दिला, तो नको. मोडलेलाच उंडो पुन्हा सांधून हवा! पाऊण तास ती जमिनीवर लोळत होती, आणि बोटीवर वीस माणसांना हुकूम देणारा तो गृहस्थ हातात पावाचे दोन तुकडे घेऊन तिच्यापाशी उभा होता. बायच्या आजीने, जिला ती शामाय म्हणते, आतून विचारले की आल्ताराच्या मागचा फोक अजून जाग्यावर आहे ना. चिंचेचा तो फोक शेजाऱ्यांच्या लहानपणापासून तिथे आहे. वर क्रूस, खाली मेणबत्ती आणि मागे फोक, अशी त्या घरची जुनी व्यवस्था.

त्याच आठवड्यात आमच्या हातून जे घडले ते सांगितल्याखेरीज पुढे लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. काणकोणच्या एका वृद्ध पक्षकार बाईंच्या सहीचे प्रतिज्ञापत्र आम्ही सकाळी टेबलावर काढून ठेवले होते. ते त्याच दिवशी दाखल करावयाचे होते. चिरंजीवांना आमचा काळा झगा अंगात घालावयाचा होता. आम्ही तो दिला नाही. तेव्हा त्यांनी आमच्याकडे नीट पाहून, काही घाई न करता, पेजेची वाटी त्या कागदांवर पालथी केली. ती शांत नजर अजून आमच्या डोळ्यांसमोर आहे. आमचा हात आमच्या आधी उठला. गालावर बोटे उमटली.

मूल क्षणभर थांबले. त्याचा श्वास अडकला. आणि मग रडत रडत ते जे धावले ते आईकडे नव्हे, आमच्याचकडे. ज्याने मारले त्याच्याच गुडघ्यांना मिठी मारून ते मारल्याची तक्रार करीत होते. आरोपीच्याच पदरात तोंड लपवून रडणारा असा फिर्यादी आम्ही आयुष्यात पाहिला नव्हता. कागदांचे काय, बाई दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन सही करून गेल्या, आणि पेज सांडल्याचे कळल्यावर आम्हांलाच म्हणाल्या की लेकरू आहे, रागावू नका. आम्ही खाली पाहिले.

वकिलाचा स्वभाव असा की गुन्हा घडल्यावर आधी बचाव सुचतो. न्यायालयाच्या वाटेवर आम्ही स्वतःचा बचाव रचू लागलो. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ८९, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतील कलम २७, बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी पालकाने सद्भावनेने केलेल्या कृत्याला संरक्षण देते. शाळेची गोष्ट निराळी. तिथे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला मनाई केली, आणि आपल्या गोव्यात तर २००३ च्या बाल कायद्यानेच ती केली होती. स्वीडनने १९७९ साली घरातील मारही कायद्याने बंद केला आणि असे करणारा तो पहिला देश ठरला; आपल्याकडे उंबऱ्याच्या आत तशी सरसकट बंदी नाही. तेव्हा बचाव बळकट दिसत होता. परंतु ‘हित’ आणि ‘सद्भावना’ या दोन शब्दांपाशी येऊन तो कोसळला. ती चपराक कोणाच्या हितासाठी होती? प्रतिज्ञापत्राच्या. आणि सद्भावनेविषयी कायदा असे म्हणतो की जे योग्य काळजी आणि अवधान यांवाचून केले, ते सद्भावनेने केले असे मानता येत नाही. आमचा हात तर आमच्या आधीच उठला होता.

मग शास्त्राचा आधार शोधला, तर तोही प्रतिकूल निघाला. पुत्राचे पाच वर्षे लाड करावेत, पुढे दहा वर्षे ताडन करावे आणि सोळाव्या वर्षी त्याला मित्र मानावे, हे सुभाषित आपल्याकडे घरोघरी म्हटले जाते. परंतु म्हणणारांचे लक्ष बहुधा मधल्या चरणावर असते. त्या हिशेबाने अडीच वर्षांचा आरोपी अजून लाडाच्या कक्षेत होता. म्हणजे आम्ही दिलेली शिक्षा अधिकारक्षेत्राबाहेरची ठरली.

त्या रात्री जेवणे आटोपल्यावर आम्ही अंगणात येऊन उभे राहिलो, तर शेजारी आपल्या बल्कांवातील सोप्यावर एकटेच बसलेले. “वकीलबाब, यो,” म्हणून त्यांनी बोलाविले. आम्ही आमची गोष्ट सांगितली, कारण ती कोणाला तरी सांगणे भाग होते. ऐकून ते बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी आपली सांगितली. आदल्या दिवशी बायने जपमाळ ओढून तोडली आणि मणी घरभर झाले. त्यांनी आल्ताराच्या मागचा फोक काढला, हात वर नेला. बाय पळाली नाही, रडली नाही. उभी राहून त्यांच्याकडे पाहू लागली. जणू हा नवा माणूस कोण आहे याचा निकाल ती त्याच क्षणी लावणार होती. “त्या फोकाने मी चांगला वाढलो,” ते म्हणाले, “पण मला आई रोज भेटत होती. मारणारीही तीच आणि भरविणारीही तीच. या पोरीला मी वर्षातून दहा आठवडे मिळतो. तिने मला फोकावरून ओळखायचे काय?” त्यांनी फोक परत ठेवला होता. परंतु आता काय करावे हे त्यांना कळत नव्हते, आणि घरात तीन माणसांची तीन मते होती.

शामायचे मत जुने आणि स्पष्ट. बायबलातील नीतिसूत्रांच्या ग्रंथात छडी न उगारणारा बाप मुलाचा वैरी ठरविला आहे, आणि शामाय त्या ग्रंथाच्या शब्दापलीकडे जाणाऱ्या नव्हत. शेजाऱ्यांच्या पत्नी शाळेत शिकवितात. त्यांचे म्हणणे, ज्या हाताला शाळेत परक्याच्या मुलावर उगारण्याची मनाई आहे, तो घरी आपल्याच मुलावर का उगारावा? शिवाय छडी म्हणजे मेंढपाळाची काठी. त्याच बायबलातील स्तोत्रकर्त्याला त्या काठीचा धीर वाटतो, भय नव्हे. आणि स्वतः शेजाऱ्यांच्या हाती एका फिलिपिनो सोबत्याने बोटीवर दिलेले पुस्तक होते. जेम्स डॉब्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७८ साली खास हट्टी मुलांवरच लिहिलेले ते पुस्तक तिकडच्या प्रॉटेस्टंट घरांत फार चालले. आरंभीच लेखकाने आपल्या ठेंगण्या कुत्र्याशी पट्टा घेऊन केलेल्या लढाईचे वर्णन केले आहे. डॉब्सन मारण्याच्या बाजूचे. परंतु त्यांनी दोन भेद केले. एक, मुलाची इच्छाशक्ती वळवावी, पण त्याचे मन मोडू नये. दुसरा, पोरवयाचा धांदरटपणा निराळा आणि समजून उमजून केलेली अवज्ञा निराळी, शिक्षा दुसरीलाच. फौजदारी कायद्यात ज्याला आपण दुष्ट हेतू म्हणतो, त्याचाच हा भेद. आम्हांला तो पटला, आणि लगेच पेजेच्या वाटीची आठवण होऊन नकोसाही झाला.

ते पुस्तक आम्ही मागून नेले, आणि एका पुस्तकाने दुसऱ्याकडे बोट दाखवावे तसे होत होत त्या परंपरेच्या मुळाशी जाऊ लागलो. तिथे आम्हांला एक विलक्षण बाई भेटल्या. इंग्लंडातील एपवर्थ या गावच्या धर्मोपदेशकाची पत्नी सुझाना वेस्ली. त्यांना एकोणीस अपत्ये झाली आणि त्यांतली जवळजवळ निम्मी तान्हेपणीच गेली. मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली हा त्यांचाच मुलगा. त्याने विचारल्यावरून त्यांनी १७३२ साली आपली मुले वाढविण्याची पद्धत पत्राने कळविली. त्यांचा सिद्धांत असा की स्वेच्छा हे पापाचे मूळ. म्हणून मुलाची इच्छा लवकरात लवकर जिंकावी, म्हणजे पुढे ते देवाच्या इच्छेपुढे सहज नमेल. वर्षाचे होताच मुलाला छडीचे भय वाटावे आणि रडणे आले तर त्याने ते हळू रडावे, असे त्या लिहितात. हे वाचून आम्ही पत्र बाजूला ठेवले. बाळकृष्णाला पाळण्यात घालून जोजविणाऱ्या समाजातील माणसाला तान्ह्या मुलाचे रडणे दबविण्याची कल्पना सोसत नाही.

तरीही दुसऱ्या दिवशी आम्ही पुढे वाचले, आणि आमच्यातील वकील सावरून बसला. कारण त्याच बाईंनी पुढे आपल्या घराचे नियम दिले आहेत, आणि ते एखाद्या न्यायशास्त्रज्ञाने लिहावेत तसे आहेत. ज्याने आपला अपराध आपण होऊन कबूल केला आणि सुधारण्याचे वचन दिले त्याला मार नाही. कारण मुले खोटे बोलतात ती भयानेच. एका अपराधासाठी दोनदा शिक्षा नाही, आणि सुधारल्यावर त्याचा पुन्हा उच्चारही नाही. मुलाने संतोषविण्याच्या हेतूने एखादे काम केले आणि ते बिघडले, तरी हेतू पाहून त्याचा प्रेमाने स्वीकार करावा. दिलेले वचन पाळावे. दुसऱ्याची वस्तू, मग ती टाचणी का असेना, त्याच्या परवानगीवाचून घेऊ नये. एका अपराधाबद्दल कोणालाही दोनदा शिक्षा होऊ नये हे तत्त्व आपल्या राज्यघटनेच्या विसाव्या अनुच्छेदात आहे. त्या बाईंनी ते स्वयंपाकघरात अमलात आणले होते.

त्यांच्या छडीशी आमचे जमले नाही. त्यांच्या नियमांनी मात्र आम्हांला आरसा दाखविला. आपण हिंदू लोक मुलाच्या बाबतीत स्वतःला फार मृदू समजतो. मूल म्हणजे देव, असे म्हणत आपण पाच वेळा त्याचा हट्ट पुरवितो. सहाव्या वेळी आपण दमलेले असतो, आणि त्याच हट्टाला थप्पड बसते. त्या बाईंच्या मारामागे एक सिद्धांत होता, चुकीचा म्हणा हवा तर. आमच्या मारामागे नुसता थकवा होता. सिद्धांताशी वाद घालता येतो. थकव्याशी मुलाने वाद कसा घालावा? सकाळी जे चालते ते संध्याकाळी का चालत नाही, हे त्याला कोणत्या ग्रंथात सापडणार? आणि आम्ही तर गालावर मारले होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी आपल्या भाषणात एका बापाची गोष्ट सांगितली. तो मुलांना कधी कधी मारी, पण तोंडावर कधीच नाही, त्यांचा अपमान होऊ नये म्हणून. पोपसाहेबांनी त्याच्या या जाणिवेची वाखाणणी केली, तेव्हा मारण्याचे समर्थन केले म्हणून त्यांच्यावर बरीच टीका झाली. त्या टीकेला कारणीभूत झालेल्या बापाच्या पायरीलाही आम्ही पोहोचलो नव्हतो.

शेजाऱ्यांना वाट सापडली ती मात्र इंग्लंड-अमेरिकेत नव्हे. त्यांच्या पत्नीने त्यांना डॉन बॉस्को यांची आठवण दिली. पणजीत सालेझियन पाद्री १९४६ पासून आहेत, त्यामुळे ते नाव गोवेकरांना नवे नाही. परंतु त्यांची पद्धत काय होती हे आम्हांला तरी ठाऊक नव्हते. इटलीतील ट्युरिन शहरात रस्त्यावरची उनाड मुले गोळा करून त्यांना वाढविणाऱ्या या धर्मगुरूने १८७७ साली आपली पद्धत लिहून काढली. अपराध झाल्यावर शिक्षा करणारी एक रीत, आणि अपराध होऊच नये म्हणून मुलाच्या सतत जवळ राहणारी दुसरी. आपली ती दुसरी, असे ते सांगत. विवेक, धर्म आणि माया हे तिचे तीन आधार. मारणे तिच्यात बसत नाही. “म्हणजे काय, जवळ राहायचे,” शेजारी हसून म्हणाले, “आणि मी तर तारवटी!” ते हसणे काही खरे नव्हते. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बाहेरची कामे सोडून दिली आणि ते घरात बायच्या मागे मागे राहू लागले.

त्यांनी घरासाठी तीन नियम केले, आणि गंमत अशी की तिन्ही थोरांना लागू होते. ज्याला राग येईल त्याने प्रथम बल्कांवात जाऊन बसावे. जे झाले ते तिथेच संपवावे. रात्री शेजारीपाजारी त्याची कथा करू नये. जे सांगितले ते करावे. देणार म्हटले तर द्यावे, देणार नाही म्हटले तर रडण्याला भिऊन देऊ नये. तिसरा नियम सर्वांत अवघड गेला, आणि तो मोडला बहुधा शामायने, पदराआडून दिलेल्या बिस्किटाच्या रूपाने.

एका संध्याकाळी आम्ही भिंतीपाशी फुले काढीत होतो. पलीकडे तेर्साची वेळ झाली होती. बाय बसेना. तिने मेणबत्ती फुंकली, पुन्हा पेटविली तर पुन्हा फुंकली, आणि तिसऱ्यांदा तिला धरले तेव्हा बापाला चावली. शेजारी तिला उचलून बल्कांवात घेऊन आले, सोप्यावर ठेवले आणि स्वतः समोर जमिनीवर बसले. ती ओरडत होती, “म्हाका नाका! तूं वच!” ते इतकेच म्हणत होते, “हांव हांगाच आसां.” मी इथेच आहे. आत प्रार्थना चालू होती, बाहेर हे. ती लाथा झाडी, ते पाय धरीत; ती थांबे, ते सोडीत. मेणबत्ती तिला मिळाली नाही. प्रार्थनेत तिला नेले नाही. मारलेही नाही. वीसेक मिनिटांनी तिचा आवाज बसला. बापाच्या मनगटावर दातांची खूण होती. तिच्याकडे ती बोट लावून पाहू लागली. त्यांनी हात मागे घेतला नाही.

तेर्स संपल्यावर त्या घरी बेसांव मागण्याची रीत आहे. लहानांनी हात जोडून थोरांपुढे उभे राहावे, आशीर्वाद मागावा, आणि थोरांनी तो द्यावा. आमच्याकडे दिवा लावल्यावर लहानांनी वडिलांच्या पाया पडावे, तसेच हे. शेजारी उठले, आणि आज बायला बेसांवासाठी आत न्यावे की नाही याचा त्यांना विचार पडलेला दिसला. इतका गोंधळ घातल्यावर लगेच आशीर्वाद देणे म्हणजे शिक्षेवर पाणी सोडणे, असे त्यांना वाटले असावे. तेवढ्यात शामाय दारात आल्या. फोकाचा कैवार घेणाऱ्या त्याच शामाय. त्या म्हणाल्या की आपण तुला फोकाने मारीत असू, पण बेसांव एक दिवसही चुकविला नाही; मार दिवसाचा असतो, बेसांव रात्र पडण्याआधी द्यावाच लागतो. संत पॉल यांनी बापांना मुलांचे मन खचेल असे वागू नका म्हणून ताकीद दिली, आणि दुसऱ्या एका पत्रात राग सूर्यास्तापलीकडे नेऊ नका असे लिहिले, हे आम्ही नंतर वाचले. शामायने ते वाचले होते की नाही कोण जाणे. त्यांच्या घरात ते वागण्यात होते.

बायने शामायपुढे हात जोडले, आईपुढे जोडले, आणि मग ती त्या धिप्पाड माणसापुढे उभी राहिली. थोडा वेळ विचार केला. “पाय, बेसांव दी.” आठ महिन्यांत तिने फोनवर कित्येकदा ‘पाय’ म्हटले असेल; समोरच्या माणसाला ते प्रथमच म्हटले. शेजाऱ्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण पुढचे शब्द त्यांना लवकर म्हणता आले नाहीत. आम्ही फुलांची परडी घेऊन आत आलो.

आत आलो तेव्हा आमच्याकडे दिवा लागला होता. आम्हांला एकाएकी जाणवले की थप्पड मारल्याच्या दिवशी आम्ही उशिरा घरी आलो होतो, आणि चिरंजीव आमच्या पाया न पडताच झोपले होते. तो खटला आमच्या बाजूने बंद झाला होता. त्यांच्या बाजूने तो अनिर्णीत राहिला होता. भागवताच्या दशम स्कंधात यशोदा बाळकृष्णाला बांधते ती कथा लहानपणापासून आम्ही ऐकत आलो आहोत. दोर दोन बोटे अपुरा पडतो, ती घरातील सारे दोर जोडते, दमून घामाघूम होते, आणि तिचे श्रम पाहून तो परमेश्वर आपण होऊन बांधून घेतो. पण त्याच्या आधीचा एक तपशील आमच्या कानांवरून नुसता गेला होता. दह्याचे भांडे फोडून पळालेल्या मुलामागे यशोदा काठी घेऊन धावते, त्याला धरते, आणि तो भ्यालेला आहे हे दिसताच ती आधी हातातली काठी टाकून देते. शिक्षा ती सोडीत नाही, उखळाला बांधतेच. काठी मात्र टाकते. कार्तिकात दामोदराचे नाव घेताना आपण दोर आठवतो. टाकलेली काठी आठवीत नाही.

आम्ही खाली बसलो. चिरंजीवांना जवळ घेतले आणि सांगितले की त्या दिवशी आम्ही मारले ते चुकले. पेज सांडणे वाईट, पण मारणेही वाईट. त्यांना किती कळले सांगता येत नाही. त्यांनी आमच्या गालावर हात ठेवला आणि विचारले की तुम्हांला दुखले का. आमच्या मातोश्री जवळच वाती वळीत होत्या. बापाने मुलापुढे चूक कबूल करावी हे त्यांना फारसे रुचले नसावे. पण त्या काही बोलल्या नाहीत, आणि थोड्या वेळाने त्यांनी आमच्याही हातावर देवापुढची साखर ठेवली.

यानंतर दोन्ही घरांतील हट्ट संपला असे कोणी समजू नये. काळा झगा रोज सकाळी मागितला जातो आणि रोज सकाळी नाकारला जातो. आता कागद मात्र आम्ही उंच फळीवर ठेवतो, म्हणजे डॉन बॉस्कोंचीच रीत. आमचा हात त्यानंतर दोनदा उठला. एकदा अंगणात निघून गेलो, दुसऱ्यांदा सौभाग्यवतींनी अंगणाकडे बोट दाखविले म्हणून गेलो. शेजाऱ्यांचे दहा आठवडे संपले. निघण्याच्या दिवशी बायने त्यांच्या बॅगेतील सारे कपडे बाहेर फेकले, आणि या वेळी तिला कोणी दटावले नाही. फोक अजून आल्ताराच्या मागे आहे. शामायला तो फेकून दे म्हणण्याची कोणाची छाती नाही. तो वाळून आता काडीसारखा झाला आहे.

परवा संध्याकाळी शुभंकरोती झाल्यावर चिरंजीव आमच्या पाया पडले, उठले, आणि हात तसेच जोडून म्हणाले, “बेसांव दी.” भिंतीच्या फटीतून जे येते ते कोणी थांबवावे! आम्हांला त्याचे उत्तर ठाऊक असून तोंडात बसेना. मातोश्रींकडे पाहिले, त्या हसत होत्या. तेवढ्यात भिंतीपलीकडून शामायचा आवाज आला, “देव तुका बेसांव घालूं, पुता!” मातोश्री म्हणाल्या, “तथास्तु म्हण रे.” चिरंजीवांनी स्वच्छ सांगितले की म्हणणार नाही.